200 अँपिअरचं मशीन, 16 अँपिअरचा प्लग

गेटची बिजागरी तुटली की फॅब्रिकेशनवाल्याला फोन करायचा आणि मग चार दिवस "उद्या येतो" ऐकायचं. पाचव्या दिवशी माणूस स्वतःच वेल्डिंग मशीन घ्यायला दुकानात जाऊन उभा राहतो. मीही तसाच गेलो. दुकानदाराने काउंटरवर बुटांच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा डबा ठेवला. त्यावर ठळक 200. शेजारी त्याच किमतीत 250 लिहिलेला दुसरा. "पन्नास अँपिअर फुकट समजा, साहेब." मी फुकटचे पन्नास उचलले. घरी येऊन 3.15 मिमीचा रॉड लावला, नॉब 130 वर ठेवला आणि चौथ्या रॉडला एमसीबी पडला.

मशीनचा दोष नव्हता. गणित मी घरी आल्यावर केलं, ते दुकानात जाण्यापूर्वी करायचं होतं.

रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटर फटीत हवेचंच वाहक होतं आणि तिथलं तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या घरात, म्हणजे साधारण सहा हजार अंश सेल्सिअसपर्यंत जातं. लोखंड जेमतेम दीड हजाराला वितळतं. पण या आर्कला, म्हणजे फटीतल्या त्या सलग ठिणगीला, व्होल्टेज फार लागत नाही, भूक असते ती करंटची. किती व्होल्ट लागतील याचा ठरलेला हिशोब आहे: करंटला 0.04 ने गुणा आणि 20 मिळवा. 2.5 मिमीचा रॉड (दुकानात याला बारा गेज म्हणतात) 90 अँपिअरवर चालवला तर 23.6 व्होल्ट, म्हणजे सुमारे 2100 वॅट. मशीन स्वतः थोडी वीज खातं, ते धरून भिंतीतून अडीच किलोवॅट. स्वस्त मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामी येणारा हिस्सा) 0.7 च्या आसपास असतो, त्यामुळे 230 व्होल्टच्या प्लगमधून साडेपंधरा अँपिअर ओढले जातात. गीझरचा पॉवर प्लग 16 अँपिअरचा. काठावर पास!

3.15 चा, म्हणजे दहा गेजचा रॉड 130 वर? हेच गणित 24 अँपिअरवर जातं. मग डब्यावर 200 असो की 400, घरच्या प्लगवर तो आकडा कधी उमटणारच नाही. म्हणून मशीन बघण्याआधी वीजबिलावरचा 'मंजूर भार' बघा, आणि बोर्डातला एमसीबीही. दहा गेज नेहमी वापरायचा असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून 32 अँपिअरचा वेगळा पॉइंट जाड वायरने ओढून घ्यायचा, मशीनची बात नंतर. घरची कामं म्हणजे ग्रिल, कुंड्यांचा स्टँड, सोळा गेजचा स्क्वेअर पाइप, फार तर पाच मिमीचा अँगल. बारा गेजचा रॉड या सगळ्याला पुरून उरतो.

डब्याच्या मागच्या पट्टीवर मात्र एक मोलाची गोष्ट छापलेली असते, ती म्हणजे ड्यूटी सायकल. 200 अँपिअर, 60 टक्के असं लिहिलं असेल तर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटं 200 वर चालेल, चार मिनिटं त्याला गार व्हायला द्यायची. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे न थांबता किती करंट मिळेल हे काढायला टक्क्यांचं वर्गमूळ घ्यायचं. 60 टक्क्यांचं मशीन सलग 155 अँपिअर देतं. त्याच 200 च्या खाली 20 टक्के लिहिलं असेल तर सलग फक्त 89. रंग तोच, आकडा तोच. ज्या डब्यावर ही पट्टीच नसेल, तो मी तरी परत काउंटरवर ठेवीन.

आता इतक्या छोट्या डब्यातून एवढा करंट येतो कसा? चौकातल्या जुन्या वर्कशॉपमधलं तेलात बुडवलेल्या ट्रान्सफॉर्मरचं मशीन दोघांना उचलत नाही, आणि हे एका हातात लटकतं. विहिरीवरची मोट आणि रहाट आठवा. मोटेच्या खेपा कमी, म्हणून मोट मोठी. रहाटाची गाडगी लहान, पण एकामागून एक येतच राहतात. जुना ट्रान्सफॉर्मर सेकंदाला 50 खेपा करतो, म्हणून प्रत्येक खेपेला लोखंडी गाभ्यात चुंबकत्वाची भलीमोठी मोट भरावी लागते. हा छोटा डबा म्हणजे इन्व्हर्टर मशीन. ते आधी घरची वीज डीसी करतं, मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच तिचे सेकंदाला हजारो, कधी लाखाच्या आसपास तुकडे पाडतात. गाडगं इतकं लहान झालं की मुठीएवढा फेराइटचा गाभा पुरतो. (लाइट गेल्यावर पंखा फिरवणारा इन्व्हर्टर याचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.) शेवटी परत डीसी होऊन बाहेर येतं, त्यामुळे आर्क स्थिर राहतो. जुन्या एसी मशीनमध्ये करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो आणि नवख्याच्या हाताला तेच नडतं.

इन्व्हर्टरला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे ग्राइंडरची धूळ. पंखा लोखंडाचा भुगा आत ओढतो आणि तो सर्किटवर बसून एक दिवस शॉर्ट करतो. जुनं धूड अंगणात वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी चालतं. तरीही पहिलं मशीन म्हणून मी इन्व्हर्टरच घ्या म्हणेन. 'अँटी-स्टिक' आणि 'हॉट स्टार्ट' ही बटणं जाहिरातीची वाटली तरी खरोखर कामाची आहेत: एक चिकटलेल्या रॉडचा करंट पाडतं, दुसरं आर्क पेटताना क्षणभर वाढवतं.

गावाकडे आणखी एक भानगड असते. संध्याकाळी पंप सुरू झाले की 230 चे 190 व्होल्ट होतात. आर्कला तेवढीच शक्ती हवी असते, म्हणून मशीन साडेपंधराऐवजी जवळजवळ 19 अँपिअर ओढतं. त्यात दीड स्क्वेअर मिमीच्या वायरचा तीस मीटर एक्स्टेन्शन बोर्ड लावला, की वाटेतच सुमारे तेरा व्होल्ट जातात आणि जवळजवळ अडीचशे वॅट नुसते वायर तापवायला लागतात. ती वायर रिळावर गुंडाळलेली ठेवली तर आतले फेर वितळून एकमेकांना चिकटतात.

केबलचा चिमटा, ज्याला सगळे 'अर्थिंग' म्हणतात, ते अर्थिंग नव्हेच. तो करंटचा परतीचा रस्ता आहे. गेटवर वेल्डिंगची शिवण मारताना चिमटा खांबाला लावला, तर करंट बिजागरीतून परततो आणि तिथे ठिणग्या उडून बिजागरीच खराब होते. जॉबलाच, म्हणजे ज्या तुकड्यावर काम चाललंय त्यालाच, गंज खरवडून, शिवणीजवळ लावायचा. मशीनचं खरं अर्थिंग प्लगच्या तिसऱ्या पिनमध्ये असतं, ती पिन कापायची नाही.

डोळ्यांबाबत काटकसर नको. दहा किंवा अकरा नंबरची काच हवी, गॉगल उपयोगाचा नाही. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळ भाजतं ते त्या क्षणी कळतही नाही. रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, मग बटाट्याच्या चकत्या शोधत बसावं लागतं. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर आधी वरचं जस्त घासून काढा. ते 907 अंशांना उकळतं आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

दुकानातून निघण्यापूर्वी एक करा. केबलचं टोक चाकूने खरवडा, आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. मग 6013 जातीचा बारा गेजचा रॉड मागा, नॉब 80 वर ठेवा आणि भंगारातल्या एखाद्या पट्टीवर चालवून दाखवा म्हणा. डोळ्यांपुढे काच धरून ऐका. कढईत भजी सोडल्यावर येतो तसा सलग चरचराट आला पाहिजे. फटफट आवाज येत रॉड दर इंचाला विझत असेल, तर शेजारचा डबा मागा.