शून्य वेळा उचललेला बार

२००७ ची गोष्ट. एनबीए म्हणजे अमेरिकेतली सर्वात मोठी बास्केटबॉल लीग, तिच्या ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या आधी कॉलेजच्या पोरांची मोजमापं घेतात, त्या वर्षी ती ऑर्लँडोला होती, आणि तिथे अठरा वर्षांचा एक काटकुळा पोरगा बेंच प्रेसच्या बाकावर आडवा झाला. बारवर १८५ पौंड, म्हणजे साधारण ८४ किलो. हा बार किती वेळा वर जातो ते मोजायचं असायचं. दणकट पोरं पंधरा-वीस वेळा मारायची. ह्याला एकदाही जमलं नाही. शून्य. तो आकडा दुसऱ्या दिवशी सगळीकडे, आणि मग सुरू झालं की हा पोरगा मोठ्या माणसांत टिकणार कसा, ह्याला तर धक्क्यानेच उडवतील वगैरे.

पोराचं नाव केव्हिन ड्युरांट. आणि त्याच्या शेजारी तुलनेला उभा होता ग्रेग ओडेन, सात फूट उंच, ११६ किलोच्या आसपास, एकोणीस वर्षांचा असून चेहरा चाळिशीतल्या माणसाचा.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचं ऑक्शन नव्हे हे आधी सांगायला हवं, कारण आपल्या डोक्यात लगेच तेच येतं. इथे पैशाची बोली नसते, नंबर असतो. आदल्या सीझनमध्ये हरलेल्या टीमांची लॉटरी निघते आणि ज्याचा पहिला नंबर तो आधी उचलणार. त्या वर्षी पोर्टलंडला पहिला नंबर लागायची शक्यता फक्त ५.३ टक्के होती, तरी लागला. सिएटलला दुसरा. आणि ज्या मेम्फिसला सर्वात जास्त म्हणजे २५ टक्के चान्स होता ते घसरले चौथ्यावर. म्हणजे खेळाडू निवडायच्या आधीच निम्मा खेळ नशिबाने खेळून झाला होता.

आता दोन पोरं समोर ठेवून बघू. ड्युरांट टेक्सस विद्यापीठाकडून मॅचला सरासरी २५.८ पॉइंट आणि ११.१ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) काढत होता, आणि वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा नेस्मिथ पुरस्कार मिळवणारा पहिला फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ठरला. ओडेन ओहायो स्टेटकडून १५.७ पॉइंट, ९.६ रिबाउंड. नुसतं असं वाचलं तर वाटेल ह्यात विचार करायचा काय? पण ओडेनच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालेलं होतं, सीझनच्या सुरुवातीच्या मॅच हुकल्या आणि नंतर हा भला माणूस फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट, डाव्या हाताने टाकत होता. शिवाय तो मॅचला साधारण २९ मिनिटं खेळायचा, ड्युरांट ३६. म्हणून जाणकार लोक सरळ सरासरी बघत नाहीत, ४० मिनिटांवर आणून बघतात, कारण कॉलेजची मॅच ४० मिनिटांची असते. तसं केलं की ड्युरांट २८ च्या पुढे आणि ओडेन जवळजवळ २२. फरक कमी झाला, गेला नाही. त्यात ओडेनचं मुख्य काम बास्केटखाली उभं राहून समोरच्याचे शॉट उडवायचं, आणि जो शॉट ओडेनला बघून टाकलाच नाही तो कुठल्या रकान्यात लिहिणार? कॉलेजच्या फायनलमध्ये ओहायो स्टेटवाले फ्लोरिडाकडून ८४-७५ हरले खरे, पण त्या मॅचमध्ये ओडेनचे २५ पॉइंट आणि १२ रिबाउंड होते. ते बघितलेल्या माणसाला तो डोळ्यांपुढून काढणं अवघडच होतं.

बेंच प्रेसकडे परत येतो, मला ह्यातली सगळ्यात आवडती गोष्ट तीच आहे. बार छातीपासून हात सरळ होईपर्यंत ढकलायचा असतो. ज्याचा हात लांब त्याला बार जास्त अंतर न्यावा लागतो, वजन तेच पण काम जास्त, शाळेतलं बल गुणिले अंतर. वर लांब हात म्हणजे लांब तरफ, त्यामुळे त्याच वजनाला खांद्यापाशी जास्त जोर लागतो. आणि ड्युरांटचे पसरलेले हात टोकापासून टोकापर्यंत ७ फूट ४ इंचांच्या वर भरले होते. ओडेनचेही जवळपास तेवढेच! म्हणजे बूट काढून ६ फूट ९ इंच असलेल्या पोराला सात फुटी सेंटरचे, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या सर्वात उंच माणसाचे हात. हेच हात बाकावर आडवं पडल्यावर नुकसान करतात आणि उभं राहून शॉट मारताना समोरच्याच्या डोक्यावरून चेंडू नेतात. टेस्ट खोटी नव्हती, आकडा बरोबर मोजला होता, फक्त ज्या गोष्टीमुळे तो शून्य आला तीच गोष्ट एनबीएच्या दृष्टीने सोनं होती. ताकद पुढे येतेच हो, अठरा वर्षांचं अंग असतं. हात लांब करायची जिम अजून निघालेली नाही.

बरं मग बघायचं काय? थ्री पॉइंटर, म्हणजे लाइनच्या बाहेरून लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट बघा असं कुणीही सांगेल. ड्युरांटने कॉलेजमध्ये दोनशेच्या आसपास थ्री मारले, त्यातले ४०.४ टक्के आत. भारी वाटतं. पण दोनशे शॉट म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशोबाने फार काही नाही. समजा एखाद्याची खरी कुवत ४० टक्क्यांची आहे, तर दोनशे शॉटमध्ये नुसत्या नशिबाने त्याचा आकडा ३३ पासून ४७ पर्यंत कुठेही पडू शकतो. ३३ वाला 'शूटर नाही' म्हणून बाद आणि ४७ वाला हिरो, आणि दोघं आतून एकच. नाणं दहा वेळा उडवून सात छापे आले म्हणून कुणी नाण्याची पूजा करत नाही, पण खेळाडूच्या बाबतीत आपण अगदी हेच करतो आणि वर त्याला फॉर्म म्हणतो.

त्यात लाइनच वेगळी. तेव्हा कॉलेजची थ्री पॉइंट लाइन ६.०२ मीटरवर होती, एनबीएची समोरून ७.२४ मीटरवर. सव्वा मीटर मागे सरकून, जास्त उंच आणि जास्त चपळ माणूस अंगावर असताना तोच शॉट मारायचा.

म्हणून ड्राफ्टचे मॉडेल बनवणारे लोक एका कंटाळवाण्या आकड्यावर जीव टाकतात, फ्री थ्रो. ४.५७ मीटर, कॉलेजमध्ये तेवढेच आणि एनबीएमध्येही तेवढेच, समोर कोणी नाही, पास कसा आला त्याचा संबंध नाही, प्रत्येक वेळी तीच जागा आणि तोच शॉट. म्हणजे बाकी सगळा कचरा गाळून उरतो तो हात. ड्युरांटचा कॉलेजचा फ्री थ्रो ८१.६ टक्के होता. एनबीएच्या पहिल्या वर्षी त्याचा थ्री पॉइंटरचा आकडा धाडकन २८.८ वर आला, तेव्हा 'बघा, म्हटलं नव्हतं' म्हणणारे खूश झाले असतील, पण त्याच वर्षी फ्री थ्रो होता ८७.३. हात जागेवर होता, अंतराची सवय व्हायची होती. दुसऱ्या वर्षी थ्री ४२.२ टक्के. एका खेळाडूवरून नियम काढू नये हे मलाही कळतं, पण फ्री थ्रोवरून पुढच्या शूटिंगचा अंदाज बऱ्यापैकी लागतो हे पुष्कळ खेळाडूंच्या आकड्यांत दिसलंय, ड्युरांट हे फक्त देखणं उदाहरण.

दुसरा आकडा वय. ह्यावर लोक फार बोलत नाहीत आणि मला वाटतं तोच सगळ्यात स्वस्त पुरावा आहे, फुकटच असतो. २०१६ च्या ड्राफ्टआधी ओक्लाहोमाचा बडी हील्ड मॅचला २५ पॉइंट काढत होता, जवळजवळ ड्युरांटएवढेच. पण हील्ड कॉलेजच्या चौथ्या वर्षाला होता, तेविशीचा, समोर बरीच पोरं त्याच्याहून लहान. ड्युरांट अठराव्या वर्षी स्वतःहून मोठ्यांच्या विरुद्ध तेवढंच करत होता. दहावीतल्या मुलाने दहावीचा पेपर सोडवणं आणि सहावीतल्या मुलाने तोच पेपर सोडवणं, मार्क सारखे असले तरी गोष्ट सारखी नाही. हील्ड सहाव्या नंबरवर गेला, उत्तम शूटर झाला, अनेक वर्षं लीगमध्ये टिकला. ड्युरांट २०१४ चा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू.

मग पोर्टलंड मूर्ख होतं का? आज सगळे तेच म्हणतात, आणि मला ते पटत नाही. त्यांनी २८ जूनला ओडेनला उचललं, सिएटलने ड्युरांटला, आणि त्या वेळी बहुतेकांना ते बरोबरच वाटत होतं. तसा सेंटर रोज मिळत नाही. सप्टेंबरमध्ये ओडेनच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पहिला अख्खा सीझन गेला. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत अस्तर असतं, कूर्चा, तिला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती झिजली की स्वतःहून भरून येत नाही. सर्जन मग खालच्या हाडाला बारीक बारीक भोकं पाडतात, आतलं मज्जेतलं रक्त आणि पेशी वर येतात आणि तिथे नवं अस्तर तयार होतं. मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात ह्याला. पण नवं अस्तर मूळ मालासारखं नसतं, चिवट असतं पण खरबरीत आणि कमी टिकाऊ. ओडेनवर ही शस्त्रक्रिया पुढे एकूण तीन वेळा झाली. मधे डिसेंबर २००९ मध्ये मॅच चालू असताना डाव्या गुडघ्याची वाटी फुटली ते वेगळंच.

आणि इथे एक साधं गणित होतं जे पोर्टलंडला टाळता येत नव्हतं. माणूस त्याच बांध्याचा ठेवून दहा टक्के उंच केला तर वजन ३३ टक्क्यांनी वाढतं, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनीच. म्हणजे प्रत्येक उडीला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जास्त भार. पोर्टलंडने १९७४ मध्ये बिल वॉल्टन पहिल्या नंबरवर घेतला, १९७७ ची चॅम्पियनशिप आणली आणि मग पाय गेले. १९८४ मध्ये दुसऱ्या नंबरवर सॅम बोवी, कॉलेजमध्येच नडगीच्या फ्रॅक्चरमुळे दोन सीझन बसलेला, आणि त्याच्या मागोमाग तिसऱ्यावर मायकल जॉर्डन गेला. लोक म्हणतात शाप आहे. शाप कसला, तीन वेळा थोराड सेंटरवर पैज लावली आणि भौतिकशास्त्राने तिन्ही वेळा व्याज घेतलं. पण एवढं कळूनही कुठल्या पोराचा गुडघा जाणार हे कुठल्याच कोष्टकात नसतं, शक्यता जास्त आहे एवढंच म्हणता येतं. शक्यतेकडे बघून सात फुटी माणूस सोडायला फार मोठं काळीज लागतं, आणि सोडलेला नेमका टिकला तर नोकरी जाते.

ओडेन एनबीएत एकूण १०५ मॅच खेळला. पुढे तो ओहायो स्टेटला परत गेला, राहिलेली डिग्री पूर्ण केली, आणि २०२२ मध्ये बटलर विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीमच्या कामात लागला, हेड कोच तिथेही थॅड माटाच, ज्यांच्या हाताखाली तो अठरा वर्षांचा असताना डाव्या हाताने फ्री थ्रो टाकायचा. त्या सीझनचा त्याचा फ्री थ्रोचा आकडा ६२.८ टक्के होता, त्यातले बरेच डाव्या हाताने, आणि डावखुरा नसलेल्या माणसासाठी मला तो अजूनही त्या वर्षीचा सगळ्यात विलक्षण आकडा वाटतो.