मुठीतून बाहेर जाणारे नायट्रेट

समुद्री मासे पाळणारा माणूस रोज चिमूटभर खाद्य पाण्यात सोडतो, मासे ते बघता बघता फस्त करतात आणि खाद्य संपले असे वाटते. प्रत्यक्षात ते संपत नाही, फक्त रूप पालटते. खाद्यातील प्रथिनांमधला नायट्रोजन माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. खडकांवर आणि वाळूत वस्ती करून असलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि पुष्कळ टाक्यांमध्ये त्याचा प्रवास तिथेच अडतो. खडकांच्या आतल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या पोकळ्यांत वेगळ्या जातीचे जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करून तो हवेत सोडतात खरे, पण त्यांच्या कामालाही मर्यादा असते. फॉस्फरसला तर हवेची ही वाटसुद्धा मोकळी नाही. तो पाण्यात राहतो, खडकाला चिकटतो, वाळूत मुरतो, आणि कोणीतरी उचलून बाहेर नेईपर्यंत टाकीतच असतो.

ही भर किती वेगाने पडते, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. समजा, टाकीत 200 लिटर पाणी आहे आणि रोज 1 ग्रॅम सुके खाद्य पडते. खाद्यात 45 टक्के प्रथिने धरली आणि प्रथिनांच्या वजनात सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो हे लक्षात घेतले, तर त्या एका ग्रॅमात सुमारे 72 मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्या सगळ्याचे नायट्रेट झाले तर ते 320 मिलिग्रॅम भरते, म्हणजे दर लिटरमागे रोज सुमारे 1.6 मिलिग्रॅम. माशांच्या वाढीत आणि वायूच्या रूपात यातला काही भाग जातो, तरीही पंधरवड्यात पाणी कुठे जाऊन पोहोचेल याचा अंदाज यावरून येतो. निसर्गातल्या प्रवाळभित्तींभोवतीच्या पाण्यात नायट्रेट सहसा लिटरला 1 मिलिग्रॅमच्याही बरेच खाली असते. ते फार वाढले की प्रवाळांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले बेसुमार वाढून प्रवाळ तपकिरी पडतात, वाढलेले फॉस्फेट त्यांच्या चुनखडी सांगाड्याच्या जडणघडणीत अडथळा आणते, आणि खडकांवर केसांसारखे हिरवे शेवाळ माजू लागते.

या माजलेल्या शेवाळातच उपायाचे सूत्र दडलेले आहे. पोषकद्रव्ये आहेत तिथे शैवाल उगवणारच. मग ते आपण ठरवलेल्या जागी, आपण निवडलेल्या जातीचे आणि हाताने काढता येईल असे का उगवू नये? अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी कॅरिबियन प्रवाळभित्तींवरच्या आखूड, दाट शैवालगवताचा अभ्यास करून 1980च्या सुमारास त्यावर आधारित पाणी शुद्ध करण्याची पद्धत विकसित केली: जाळीवर शैवाल वाढू द्यायचे आणि ते नियमितपणे खरवडून काढायचे. घरगुती टाक्यांमध्ये अधिक रुळलेला प्रकार म्हणजे रेफ्युजियम. मुख्य टाकीखालच्या सम्पमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या दुसऱ्या लहान टाकीत, एक स्वतंत्र कप्पा राखायचा, त्यावर दिवा लावायचा आणि त्यात मोठी समुद्री शैवाले वाढवायची. शैवाल खाणारे मासे तिथपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून ते त्या जागी निवांत वाढते.

शैवालाला मुळे नसतात. पाण्यात विरघळलेले पोषण ते आपल्या संपूर्ण पृष्ठभागातून शोषते. नायट्रेट आत घेतल्यावर ते वापरण्याजोगे करण्यासाठी त्याला ऊर्जा खर्च करावी लागते, अमोनियाच्या बाबतीत हा खर्च वाचतो. त्यामुळे पुष्कळ शैवाले संधी मिळताच अमोनिया आधी उचलतात, म्हणजे जिवाणूंच्या हाती लागण्यापूर्वीच त्यातला काही नायट्रोजन शैवालात बांधला जातो. मुख्य टाकीतले दिवे मालवल्यावर रेफ्युजियमचा दिवा लावण्याची पद्धत आहे आणि तीही अर्थपूर्ण आहे. रात्री टाकीतले सगळे जीव श्वसनातून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाण्याचा सामू (पीएच) उतरतो. त्याच वेळी खालच्या कप्प्यात प्रकाशसंश्लेषण चालू असले तर ही घसरण बरीच सावरली जाते.

मात्र शैवाल वाढले म्हणजे काम झाले, हा समज चुकीचा आहे, आणि या लेखात मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. वाढलेले शैवाल म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट यांची केवळ गाठोडी होय. गाठोडे कप्प्यातच राहिले, दाटीमुळे तळाच्या थरांना प्रकाश मिळेनासा झाला आणि ते कुजू लागले, की बांधलेले सगळे पुन्हा पाण्यात सुटते. टाकी स्वच्छ होते ती काढणीने.

काढणीचाही हिशेब करून पाहू. पाणी निथळलेल्या 100 ग्रॅम शैवालात सुकल्यावर ढोबळमानाने 10 ग्रॅम ऐवज उरतो असे धरू, आणि त्यात 3 टक्के नायट्रोजन. म्हणजे एका मोठ्या मुठीतून 300 मिलिग्रॅम नायट्रोजन बाहेर गेला. नायट्रेटच्या भाषेत तो 1.3 ग्रॅमहून थोडा अधिक, आणि आपल्या 200 लिटरच्या टाकीत लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅम इतका होतो. खाद्याच्या हिशेबाशी ताडून पाहिले तर ही जेमतेम चार दिवसांच्या खाद्याची फेड आहे. शैवाल हा एकच मार्ग असेल तर दर चार दिवसांनी अशी एक मूठ निघायला हवी. सोबत स्किमर (फेसावाटे पाण्यातला सेंद्रिय कचरा बाहेर काढणारे उपकरण) आणि खडकांतले जिवाणू काम करत असतील तर त्यांचा वाटा वजा होतो. कप्प्यात लिंबाएवढा गोळा ठेवून महिनोन्महिने वाट पाहणाऱ्यांचे नायट्रेट का उतरत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

फॉस्फेटच्या बाबतीत गणित थोडे वेगळे चालते. समुद्रातील प्लवकांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण सरासरी 106:16:1 असते, ही अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ अल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या कामातून पुढे आलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. मोठ्या समुद्री शैवालांना आणि सागरतळच्या इतर वनस्पतींना हे प्रमाण लागू पडत नाही. ॲटकिन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी 1983 मध्ये अशा अनेक वनस्पतींची तुलना केली तेव्हा त्यांना ते साधारण 550:30:1 आढळले. म्हणजे फॉस्फरसच्या एका अणूमागे शैवाल नायट्रोजनचे सुमारे तीस अणू उचलते. साहजिकच पुष्कळ टाक्यांमध्ये नायट्रेट आधी संपते, शैवालाची वाढ थांबते आणि फॉस्फेट तसेच मागे उरते. अशा वेळी काही जाणकार मोजून थोडे नायट्रेट पाण्यात मिसळतात. ऐकायला हे उफराटे वाटते, पण अडलेली वाढ पुन्हा सुरू होऊन फॉस्फेटही उचलले जाते. खडकात मुरलेले फॉस्फेट पाण्यातले प्रमाण घटताच हळूहळू सुटत राहते, म्हणून चाचणीतला आकडा आठवड्यांनंतरही हलला नाही तर घाईने निष्कर्ष काढू नये.

जातींमध्ये कीटोमॉर्फा ही सर्वाधिक पसंतीची आहे आणि नवशिक्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे. एकापुढे एक जोडलेल्या पेशींचे हे हिरवे, ताठर तंतू हातात घेतले तर मासेमारीच्या गुंतलेल्या दोरीचा पुंजका धरल्यासारखे वाटते. ते कशालाही चिकटत नाहीत, त्यामुळे अख्खा गोळा उचलता येतो. ग्रॅसिलॅरिया ही लाल जात शैवालभक्षी माशांना खाऊ घालता येते. पण तेच शैवाल त्याच टाकीतल्या माशांना घातले तर त्यातले बरेचसे पोषण पुन्हा पाण्यातच येते, एवढे ध्यानात ठेवावे.

कॉलर्पा मात्र जपून हाताळण्याची जात आहे. पिसांसारखी पाने आणि जमिनीलगत धावणारे देठ असलेली ही संपूर्ण वनस्पती म्हणजे असंख्य केंद्रके असलेली एकच पेशी असते. पुनरुत्पादनाची वेळ आली की तिचे सगळे जीवद्रव्य युग्मकांत बदलते आणि पहाटेच्या सुमारास एका झटक्यात पाण्यात सुटते. सकाळी पाहावे तर पाणी हिरवट गढूळ झालेले असते आणि कप्प्यात काचेसारखी पारदर्शक, पांढुरकी सालपटे तेवढी उरलेली असतात. महिन्याभराची कमाई अशी एका रात्रीत पाण्यात परतते.

काढणी स्वतः साधी आहे. गोळा उचलून सम्पमधल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत चार-पाच वेळा हलवावा. तंतूंमध्ये राहणारे कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड हे सूक्ष्म कवचधारी जीव बादलीत उतरतात आणि ते टाकीत परत सोडले की माशांना जिवंत खाद्य मिळते. मग गोळ्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग काढावा, निथळून तोलावा आणि वजन वहीत मांडावे. उरलेला भाग उलटा करून ठेवला की तळाच्या तंतूंना प्रकाश मिळतो. ही वही चाचणी संचाइतकीच उपयोगी पडते, कारण वजन घटू लागले की काहीतरी कमी पडत आहे हे आकड्यांआधी कळते. तंतू फिके पडत असतील तर नायट्रेट किंवा लोह संपत आल्याची शक्यता असते. नायट्रेट आणि फॉस्फेट ही दोन्ही पोषकद्रव्ये शून्यावर नेणे हे उद्दिष्टच नव्हे. तशा पाण्यात प्रवाळ निस्तेज होतात आणि डायनोफ्लॅजेलेट वर्गातील चिकट, तपकिरी थर पसरवणाऱ्या जीवांना मोकळे रान मिळते.

काढलेले शैवाल मोरीत, ओढ्यात किंवा समुद्रात टाकू नये. कॉलर्पा टॅक्सिफोलिया ही मत्स्यालयांत वाढवलेली जात 1984 मध्ये मोनॅको येथील सागरी संग्रहालयासमोरच्या समुद्रात जेमतेम एक चौरस मीटर जागेत दिसली होती. पुढे ती भूमध्य समुद्राच्या अनेक किनाऱ्यांवर पसरली. 2000 मध्ये ती कॅलिफोर्नियातील एका खाजणात सापडली तेव्हा तिच्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडावा लागला, ती नाहीशी झाल्याचे जाहीर व्हायला 2006 साल उजाडले आणि खर्च 70 लाख डॉलरांच्या पुढे गेला. तिचा बारीकसा तुकडाही नव्याने वाढू शकतो. म्हणून निघालेले शैवाल गोठवावे किंवा कडक उन्हात पूर्ण वाळवावे, आणि मगच सुक्या कचऱ्यासारखे टाकावे.