लताबाईंच्या मागे वाजणारे रेबेक

फोंडा महालात वाढलेल्या आम्हा लोकांचा हिंदी चित्रपटगीतांवरचा हक्क एकाच नावापासून सुरू होतो: मंगेशकर. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, म्हणून लताबाई आमच्या. रेडिओवर त्यांचा आवाज लागला की घरात कुणीतरी हे बोलून दाखवायचेच. त्या आवाजामागची व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवणारे हातही पुष्कळदा गोव्याचेच असत, हे मात्र आमच्याकडे कुणी सांगितले नाही. ते हात साष्टी-बारदेश या गोव्यातल्या ख्रिस्ती वस्तीच्या तालुक्यांतले होते.

पोर्तुगीज अमलात इगर्जीला, म्हणजे चर्चला, जोडलेल्या शाळांत मुलांना सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून म्हणणे, शिकवत. संगीत शिकवणारा मेस्त आधी पट्टीवरचे स्वर वाचायला लावी, मग हातात रेबेक देई. व्हायोलिनला गोव्यातला शब्द हाच. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, साथ मिळावी हा त्यामागचा हेतू. त्यातून गावोगाव स्टाफ नोटेशन, म्हणजे रेषांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, सहज वाचणारी माणसे तयार झाली. घरी त्यावर पोट भरत नव्हते. म्हणून ती संस्थानिकांच्या बँडमध्ये, बोटींवर, मूकपटाच्या पडद्यापुढे, मोठ्या हॉटेलांच्या जाझ बँडमध्ये गेली. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांचे ‘कूड’ होते; तिथे ट्रंक ठेवायला आणि पाठ टेकायला जागा मिळे.

१९३१ला बोलपट आला आणि त्याच्या संगीताला वादक हवे झाले. पुढे फाळणी झाली. लाहोरला बँड चालवणारे सेबास्टियन डिसोझा मुंबईला आले. १९४९च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतले नाचगाणे मंदावले, तसे आणखी वादक स्टुडिओच्या दाराशी आले.

तिथे त्यांनी काय केले, हे नीट समजून घ्यायला हवे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. मुखडा आणि अंतरा यांच्यामधले संगीत, गायिकेच्या ओळीखालून सरकणारी व्हायोलिनची दुसरी ओळ, कुठे चेलो यायचा, कुठे बासरी एकटीच राहायची, हे सारे अरेंजर कागदावर उतरवी. प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा. ध्वनिमुद्रण सगळ्यांचे एकदम होई. एक जण चुकला तर साठ-सत्तर जणांना पुन्हा पहिल्यापासून. वाचून अचूक वाजवणारा माणूस अशा ठिकाणी सोन्याच्या मोलाचा. तरीही श्रेयनामावलीत अरेंजर बहुधा ‘सहायक’ म्हणून येई, आणि साधा वादक येतच नसे. मला ही गोष्ट आजही सलते, कारण ती गाणी आपण सुरावटीच्या तुकड्यांसकट गुणगुणतो.

सी. रामचंद्रांना हळदोण्याच्या चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट मिळाला नसता, तर ‘अलबेला’ (१९५१) असा वाजला नसता. शंकर-जयकिशन यांच्याकडे तर सेबास्टियन वाद्यवृंद लिहीत आणि ठेक्यांची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळत. दत्ताराम तबला-ढोलकीच्या परंपरेतले, सेबास्टियन सोल्फेजच्या, दोघेही गोमंतकीय. आमच्या गावात चौघडा आणि रेबेक एका मांडवात कधी आले नाहीत. मुंबईच्या स्टुडिओत ते रोज येत होते.

हे मीलन जाणीवपूर्वक पुढे नेणारा माणूस म्हणजे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२). लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. १९५८मध्ये त्यांनी भारतीय रागांवर सिंफनी रचून स्वतःच्या वाद्यवृंदाकडून ती मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वाजवून घेतली. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. रागाला हार्मनीचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक सुरांचा, आधार देताना राग मोडू नये, हा त्यांचा ध्यास. १९६५च्या सुमारास ते अमेरिकेला गेले, पुढे परतून माजोर्ड्यालाच राहिले. १९७७मध्ये त्यांच्या शिष्याने, प्यारेलाल यांनी, ‘अमर अकबर अँथनी’तल्या ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या गाण्यात त्यांचे नाव गुंफले. देशभर ते नाव गाजले. ते एका खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते.

मुंबईत कमावलेले काही गोव्याकडेही आले. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. त्यांतली गाणी अजून लग्नांत वाजतात. नंतर सिंथेसायझर आला, मग संगणक. व्हायोलिनच्या रांगा स्टुडिओतून उठल्या, आणि अनेक वादक म्हातारपणी गावी परतले.

पणजीत कांपाल येथे मांडवीच्या काठी कला अकादमीत आज पाश्चात्त्य संगीताचा आणि भारतीय संगीताचा असे दोन्ही विभाग एकाच छपराखाली आहेत.