इंद्रजालमधला वेताळ: वर्तमानपत्राच्या पट्टीतून अंकाच्या पानावर

इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च 1964 मध्ये आला. प्रकाशक टाइम्स ऑफ इंडियावाले बेनेट कोलमन, नायक वेताळ (इंग्रजीतला ‘फँटम’), आणि गोष्ट त्याच्या कमरपट्ट्याची. पुढे 1990 मध्ये प्रकाशन थांबेपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले. मराठीत वेताळ, मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही नावं घरोघर पोचली ती याच अंकांमुळे. या जुन्या अंकांवर आजही हौसेने लिहिलं जातं, पण त्यात एक मुद्दा हमखास सुटतो. यातला वेताळ अंकासाठी काढलेलाच नव्हता, तो वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीसाठी काढलेला होता, आणि त्या पट्ट्या कापून-जोडून अंकाच्या पानात बसवल्या जात. हे ध्यानात नसलं की कापाकापीचा दोष लेखकाच्या माथी जातो आणि रंगाचं श्रेय भलत्याच चित्रकाराला मिळतं.

लेखक ली फॉकची ही चित्रपट्टी अमेरिकेत 17 फेब्रुवारी 1936 ला सुरू झाली. रोज तीन-चार चौकटी, कृष्णधवल. रविवारचं रंगीत पान मे 1939 पासून आलं आणि त्यात वेगळीच गोष्ट चालायची. चित्रकार आधी रे मूर, मग विल्सन मकॉय, आणि 1961 पासून साय बॅरी. इंद्रजालच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर येणारा भरीव खांद्यांचा, ठसठशीत रेषेतला वेताळ बॅरीचा. मकॉयची रेष त्यामानाने साधी, जवळजवळ भाबडी. हा फरक ओळखता आला की अंकात जुनी गोष्ट आहे की नवी, याचा पहिला अंदाज येतो.

आता हिशेब करून पाहा. चार महिने चाललेली दैनिक गोष्ट म्हणजे आठवड्याला सहाप्रमाणे शंभराच्या आसपास पट्ट्या. पट्टीला तीन चौकटी धरल्या तरी तीनशे झाल्या. सुरुवातीच्या अंकांत वेताळाच्या वाट्याला 28 पानं असत. पानाला सहा चौकटी धरल्या तर मावतात 168. उरलेल्यांचं काय? त्या गेल्या.

सगळी कापाकापी वाईट नव्हती. दैनिक पट्टीची पहिली चौकट बहुधा कालची उजळणी असते, कारण वाचकाने कालचा पेपर वाचलेला असेलच असं नाही. रविवारच्या पानाची वरची ओळ तर जागा कमी पडल्यास वर्तमानपत्राला गाळता यावी अशीच आखलेली असे. त्यामुळे ही काटछाट पानावर उलट चांगलीच दिसते. नुकसान होतं ते पाठलागात किंवा मारामारीत मधल्या चौकटी गेल्या की. वेताळ दारात उभा आहे आणि पुढच्याच चौकटीत तिघे जण आडवे, असं दिसलं तर तो ठोसा मुळात काढलेला असण्याची शक्यता बरीच. तिथे ‘कथेत उडी आहे’ असं लिहिण्याआधी मूळ पट्टी पाहावी. हर्मीस प्रेसने 2010 पासून दैनिक पट्ट्यांचे क्रमवार खंड काढले आहेत, ताडून पाहायला ते उपयोगी पडतात.

पानावरच्या खुणाही सापडतात. सगळ्या चौकटींची उंची सारखी असते. दर तिसऱ्या-चौथ्या चौकटीला गोष्टीत छोटासा धक्का असतो, कारण तिथे मूळ दिवस संपलेला असतो. चौकट पानात बसवण्यासाठी कडेला झाडझुडूप वाढवलं असेल तर ती रेष वेगळ्या हाताची वाटते. मूळ पट्टीत कोपऱ्यात तारीख आणि हक्काची (कॉपीराइटची) ओळ असे, ती पुसल्याची मोकळी जागा कधीकधी तशीच राहते.

रंगाचंही तसंच. दैनिक पट्टी कृष्णधवल, म्हणजे तिच्यावरचा रंग छापणाऱ्याने चढवलेला. म्हणून तर वेताळाचा पोशाख अमेरिकेत जांभळा, स्वीडनमध्ये निळा आणि इटलीत लाल आहे.

नावं मात्र मुद्दाम बदलली. वेताळाचा मूळचा बेंगाला देश बंगालची आठवण करून देणारा, म्हणून इंद्रजालमध्ये तो डेंकाली झाला. सिंग नावाच्या समुद्री चाच्यांचे सिंगा झाले. वेताळाच्या वडिलांच्या खुन्याचं मूळ नाव राम, ते इथे छापणं शक्यच नव्हतं. त्याचा रामालू केला.

मराठी अंकात आणखी एक अडचण होती. संवादांचे फुगे इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या मापाने काढलेले. आपल्या ओळीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणजे दोन ओळींत जास्त अंतर लागतं. मग अक्षर बारीक करा, वाक्य छाटा किंवा फुगा वाढवून चित्र झाका, एवढेच मार्ग उरतात. मराठी वेताळ तुटक बोलतो असं वाटलं तर त्यात फॉकच्या शैलीइतकाच जागेचाही हात आहे.

याउलट बहादूर. आबिद सुरती यांचा हा नायक डिसेंबर 1976 मध्ये इंद्रजालमध्येच अवतरला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. दरोडेखोराचा मुलगा, अंगात कुर्ता आणि जीन्स. तो थेट अंकासाठीच लिहिला-काढलेला, त्याच्यामागे रोजच्या पट्टीची सक्ती नव्हती. त्यामुळे बहादूरच्या अंकात गोष्ट तुटक वाटली तर ती लेखकाचीच. तिथे ही सूट द्यायचं कारण नाही.

या अंकांवर लिहिताना ‘सर्व वयांसाठी’ असा शेरा मारायचा तर गोष्टीचं मूळ साल पाहावं, अंकाचं नव्हे. जादूगार मांड्रेकच्या जुन्या पट्ट्यांत त्याचा साथीदार लोथार बिबट्याचं कातडं नेसून मोडकंतोडकं बोलतो. 1965 च्या सुमारास चित्रकार फ्रेड फ्रेडरिक्स आला आणि लोथारला नीट कपडे व नीट भाषा मिळाली. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती दोन्ही द्यायला हरकत नाही, पण जुनं देताना शेजारी बसलेलं बरं.

अंकाचं साल काढणं फार अवघड नाही. सुरुवातीला मासिक, 1967 पासून पाक्षिक, 1981 पासून साप्ताहिक, आणि 1982 पर्यंत सलग क्रमांक. 1983 पासून खंड 20, अंक 1 अशी पद्धत आली, म्हणजे खंडाच्या आकड्यात 1963 मिळवले की साल निघतं. रद्दीवाल्याकडे किंवा बांधीव बाडात अंक मिळाला तर पिनेजवळचं मधलं पान आधी तपासा, ते सगळ्यात आधी सुटतं. बाड बांधताना कडा कापलेल्या असतात, त्यात बाहेरच्या चौकटींची अक्षरंही जातात. आणि सुरुवातीच्या अंकांचं मलपृष्ठ शाबूत आहे का ते बघा: त्यावर भिंतीला लावण्याजोगं चित्र असे, आणि पोरांनी ते कापून भिंतीला लावलेलंच असे.