खालच्या कवळीचा प्रश्न: इम्प्लांटवरच्या कवळीची पार्श्वभूमी

इंदूरला रामबागेत किंवा लोकमान्य नगरात आजी-आजोबांच्या दातांचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कवळी करायची की इम्प्लांट? प्रश्नातच घोटाळा आहे. तोंडात एकही दात उरला नसेल तर प्रत्येक दाताजागी एकेक इम्प्लांट कुणी सहसा बसवत नाही. जबड्याच्या हाडात मोजके स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, बसवून त्यांच्यावर कवळीच अडकवायची, हा बहुतेकांसाठीचा व्यवहार्य मार्ग. तो इतका उशिरा का सापडला, हे कवळीच्या इतिहासात दिसतं.

दात घडवणं माणसाला बरंच आधी जमलं होतं. जमत नव्हतं ते कवळी जागेवर टिकवणं. 1789 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या तोंडात तेव्हा स्वतःचा एकच दात शिल्लक होता. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचे सुळे, माणसांचे दात, शिसं असं सगळं होतं, आणि वरची-खालची कवळी स्प्रिंगने जोडलेली असे. तोंड मिटून ठेवायलाही जोर लावावा लागे. त्याच शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये चिनी मातीचे दात आले. ते कुजत नसत, पण पकड तशीच ढिली.

खरा फरक पडला तो रबराने. 1851च्या सुमारास कडक केलेलं रबर मिळू लागलं. हिरडीचं माप घेऊन त्यावर नेमकी बसणारी, तीही स्वस्त, अशी कवळी त्यातून करता येई. या रबराचं पेटंट असलेली कंपनी दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे इतक्या कडकपणे वसूल करी की 1879 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका दंतवैद्याने कंपनीच्या खजिनदाराला गोळी घालून ठार केलं. कवळीच्या इतिहासात खूनही आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. 1930च्या दशकात अ‍ॅक्रिलिक आलं आणि आजची गुलाबी कवळी तयार झाली.

तरी खालची कवळी हलतच राहिली. वरच्या कवळीला आधाराला अख्खी टाळू मिळते. लाळेचा पातळ थर मध्ये आला की ती चिकटून बसते. खालची मात्र घोड्याच्या नालेच्या आकाराची, मध्ये सतत वळवळणारी जीभ, आणि बसायला जागा अरुंद. त्यात दात गेले की जबड्याचं हाड झिजायला लागतं, कारण दाताच्या मुळातून हाडावर येणारा ताण थांबतो. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या 25 वर्षांच्या एका अभ्यासात, कवळी वापरणाऱ्यांचं खालचं हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजलेलं आढळलं. म्हणजे आज घट्ट बसणारी कवळी पाच-सात वर्षांनी सैल होते. त्यात कवळी करणाऱ्याचा दोष नसतो. खालची जमीनच खचलेली असते.

उत्तर आलं ते दातांच्या दवाखान्यातून नव्हे. 1952 साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना. हाड धातूला जाऊन भिडलं होतं. 1965 साली त्यांनी योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन 2006 साली वारले तोवर ते कामात होते. स्वीडनमधल्याच अनेक दंततज्ज्ञांना हे पटायला वेळ लागला. 1982च्या टोरांटो परिषदेनंतर जगाने ते उचललं. पुढे 2002 साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिली निवड साधी कवळी नव्हे, दोन इम्प्लांटवरची कवळी असावी.

इंदूरचं सरकारी दंत महाविद्यालय 1961चं. म्हणजे ब्रोनेमार्क यांच्या पहिल्या रुग्णाच्याही आधी इथे कवळी बनवणं शिकवलं जाऊ लागलं होतं. इम्प्लांट मात्र इथल्या दवाखान्यांत बऱ्याच नंतर रुळले.

आज जे मिळतं त्याचे ठोकळमानाने दोन प्रकार. पहिला काढता-घालता येणारा: हाडातल्या इम्प्लांटवर गोळी किंवा छोटी टोपी असते आणि कवळीच्या आतल्या बाजूला तिची खाच, ब्लाउजच्या टिचबटणासारखी. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांटवर भागतं, वर सहसा चार तरी लागतात, कारण वरचं हाड मऊ. दुसरा प्रकार चार-सहा इम्प्लांटवर स्क्रूने पक्का केलेला. तो डॉक्टरच काढू शकतात. हाड धरायला खाली साधारण तीन-चार महिने आणि वर त्याहून थोडे जास्त, असा मूळ हिशोब होता. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू सुटत नसेल तर हाड नीट धरत नाही. जेवणानंतर सुपारी-तंबाखू चघळणाऱ्यांना डॉक्टर आधी तेच विचारतात.

निगेचं मर्म एकच: इम्प्लांटला दुखत नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती जाणीव देणारा पडदा असतो, इथे तो नसतो. त्यामुळे स्क्रूभोवतीची हिरडी सुजून आतलं हाड खाल्लं जात असलं तरी बरेचदा कळत नाही, आणि कळतं तेव्हा इम्प्लांट हलायला लागलेला असतो. ब्रश करताना रक्त येणं हीच बहुधा पहिली खूण. म्हणून कवळी काढल्यावर तिच्याइतकंच हिरडीतून वर आलेल्या टोप्यांभोवती मऊ ब्रश फिरवायचा. इंदुरी माणसाला तर हे जास्तच लागू, कारण पोह्यांवरच्या सेवेचा बारीक चुरा कवळीखाली हमखास शिरतो. कवळीवर टूथपेस्ट घासू नका, ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू बसतात; साधा साबण बरा. गरम पाण्याने ती वाकते. ब्लीच धातूच्या भागांना खातं. रात्री काढून पाण्यात ठेवा, हिरडीला विसावा हवा. पक्क्या कवळीखाली मात्र बारीक ब्रश किंवा पाण्याची धार मारणारं यंत्र लागतं, आणि नेमका याचाच बहुतेकांना कंटाळा.

टोपीवर बसणारी नायलॉनची चकती झिजते. कवळी पुन्हा सैल वाटली की लोक इम्प्लांट गेला म्हणून घाबरतात. बहुधा चकतीच बदलायची असते, आणि ते काम थोड्या वेळात होतं. पण ती चकती प्रत्येक कंपनीची वेगळी. इम्प्लांटची कंपनी आणि माप लिहिलेलं कार्ड डॉक्टरांकडून मागून घ्यावं, आणि वर्षातले काही महिने मुलाकडे पुण्याला किंवा बंगळुरूला जाणाऱ्यांनी तर ते औषधांच्या डब्यातच ठेवावं.