गाडी विजेची, पण वीज कोणत्या वेळेची?

इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सर नसतो, म्हणून धूर नसतो, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं पाहायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. नाशिकरोडच्या पलीकडे एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशावर चालणारे २१० मेगावॉटचे ३ संच तिथे १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. आपल्या पार्किंगमधली वीज थेट तिथूनच येते असं नाही. ग्रिडमध्ये कोळसा, पाणी, वारा, ऊन सगळ्यांची वीज एकत्र होते. पण आजही त्यात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा आहे. देशाची सरासरी काढली तर एका युनिटमागे ७०० ग्रॅमहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आता साधा हिशोब मांडू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शहरात लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी म्हणजे किलोमीटरला साधारण १५० ग्रॅम. तेल उपसणं, शुद्ध करणं, टँकरने पंपावर आणणं धरलं तर १८०. तेवढ्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी १०० किलोमीटरला भिंतीच्या प्लगमधून १६ युनिटच्या आसपास घेते. तारांमधली गळती धरून ग्रिडच्या विजेवर तिचा आकडा १३० ग्रॅमपर्यंत जातो. किलोमीटरला ५० ग्रॅमची बचत.

पण गाडी शोरूममधून निघते तेव्हाच तिच्या खाती उधारी असते. ४० युनिट साठवणारी बॅटरी तयार करताना साधारण ३ टन कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. ५० ग्रॅमच्या बचतीने तो फेडायला ६० हजार किलोमीटर लागतात. हीच गाडी छतावरच्या सोलरवर चार्ज केली, तर पॅनेल बनवतानाचं प्रदूषण धरूनही किलोमीटरला १७० ग्रॅम वाचतात आणि उधारी १८ हजार किलोमीटरच्या आत फिटते. गाडी तीच, रस्ते तेच; फरक पडला तो वीज कुठली यामुळे.

म्हणून मला चार्जिंगची वेळ फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे सवय अशी की रात्री जेवून खाली यायचं, गाडी लावायची, सकाळी काढायची. सूर्य मावळला की ग्रिडमधली सौर वीज संपते आणि कोळशाचा वाटा वाढतो. नेट मीटरिंग असलेल्या बंगल्यातसुद्धा हे लागू आहे. दुपारी आपल्या छतावरची वीज ग्रिडला गेली आणि रात्री तेवढीच परत घेतली, तर बिलात ते जुळतं; हवेत तितकं जुळत नाही. इथे रो-हाऊसेस भरपूर आहेत, गच्ची स्वतःची असते. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एवढं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला १२ युनिट देतं, म्हणजे गाडीचे ७० किलोमीटर सहज. आषाढ-श्रावणात हा आकडा बराच खाली येतो.

अडचण एकच: दुपारी गाडी घरी नसते, कामावर असते. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत पत्र्याची लांबच लांब छपरं आहेत आणि खाली दिवसभर उभ्या असलेल्या गाड्या. हायवेवर चमचमणाऱ्या फास्ट चार्जरपेक्षा कंपनीच्या पार्किंगमधले १५ अँपिअरचे साधे प्लग या शहराची हवा जास्त सुधारतील, असं माझं ठाम मत आहे. आठ तासांच्या शिफ्टमध्ये अशा एका प्लगमधून २० युनिटच्या वर वीज गाडीत जाते. रोजच्या ये-जा करणाऱ्याला ती पुरून उरते.

लोक मात्र पहिला प्रश्न विचारतात तो कसारा घाटाचा. चढाला बॅटरी संपणार नाही ना? कसारा ते इगतपुरी चढ सुमारे ३०० मीटरचा. माणसं आणि सामान धरून १९०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला, भौतिकशास्त्राच्या सरळ सूत्राने, दीड युनिट जादा वीज लागते. म्हणजे सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर जाण्याइतकी. मुंबईहून येताना ती हाताशी ठेवायची, एवढंच. उतरताना मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि त्यातलं एक युनिट तरी बॅटरीत परत येतं. पेट्रोल गाडीत हीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. फक्त इगतपुरीला १०० टक्के चार्ज करून घाट उतरू नये. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज ठेवायला जागा नसते.

खरी खादाडी वेगाची. समृद्धीवर ताशी १२० ला गाडी सोडली की हवेचा रोध ताशी ८० च्या मानाने सव्वादोन पट होतो आणि कागदावरची रेंज डोळ्यांदेखत उतरते. घाटाला घाबरणाऱ्यांनी आधी ॲक्सिलरेटरकडे पाहावं.

शहरातल्या हवेचा फायदा मात्र वीज कुठलीही असो, मिळतोच. द्वारकाच्या सिग्नलला दुचाकीवर थांबलेल्या माणसाच्या नाकात जाणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काजळी इलेक्ट्रिक गाडीतून येत नाहीत. टायरची झीज होते, आणि गाडी जड असल्याने थोडी जास्तच.

त्यामुळे घेताना बॅटरी गरजेपुरतीच घ्यावी. आठवड्याचे सहा दिवस गंगापूर रोड ते अंबड आणि वर्षातून चार वेळा मुंबई, अशा माणसाने ६० युनिटची बॅटरी रोज अंगावर वागवण्यात अर्थ नाही. ती बनवताना झालेलं प्रदूषण आणि वजन, दोन्ही वाया. निकेल-कोबाल्ट नसलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आता सर्रास मिळतात. त्या उन्हाळा बऱ्यापैकी सोसतात, पण निफाडच्या बाजूला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा पहाटे चार्जिंग मंदावतं. तिथेही दुपारच उत्तम. आणि बॅटरी दमली की ती भंगारवाल्याकडे द्यायची नाही: २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. गाडी घेतानाच डीलरकडून त्याची पद्धत लेखी मागून घ्यावी.