ब्रिटनची राज्यघटना खरंच ‘अलिखित’ आहे का?

नागरिकशास्त्राच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षांच्या गाइडपर्यंत एक वाक्य ठरलेलं: ब्रिटनची राज्यघटना अलिखित आहे. परीक्षेत मार्क मिळतात, पण हे अर्धसत्य आहे. १६८९चा हक्कांचा कायदा, गादीचा वारसा ठरवणारा १७०१चा कायदा, लॉर्ड्स सभागृहाच्या अधिकारांना कात्री लावणारा १९११चा पार्लमेंट कायदा, १९९८चा मानवी हक्क कायदा, सगळे चक्क छापील आहेत. फक्त आपल्यासारखे एका ग्रंथात बांधलेले नाहीत. खरे अलिखित आहेत ते संकेत, म्हणजे वर्षानुवर्षं पाळल्या जाणाऱ्या प्रथा. १७०८नंतर एकाही राजाने वा राणीने विधेयकाला संमती नाकारलेली नाही. पण नाकारू नये, असं कुठल्याच कायद्यात म्हटलेलं नाही.

म्हणून तिथे न्यायालय हतबल असतं, असंही नाही. २०१९मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून पाच आठवड्यांसाठी झालेली संसदेची सत्रसमाप्ती सर्वोच्च न्यायालयाच्या पीठावरच्या अकराही न्यायाधीशांनी बेकायदा ठरवली.

लवचीकपणा हा मात्र खरा गुण, आणि दुखणंही तेच. संसदेची मुदत पक्की करणारा कायदा २०११मध्ये आला, २०२२मध्ये साध्या बहुमताने गेलाही. आपल्याकडच्या केशवानंद भारती खटल्यातल्या ‘मूलभूत चौकटी’सारखं, म्हणजे संसदेलाही बदलता न येणाऱ्या घटनेच्या गाभ्यासारखं, तिथे काही आडवं येत नाही.